दीडपट

गेल्या महिन्यातील एका सकाळी ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या गाडीत माझ्या शेजारी बसलेली मुलगी मोबाइलवर मराठी मालिका पाहत होती. ट्रान्स-हार्बरच्या महिलांच्या डब्यात हे दृश्य नवे नाही. ऐरोली येईपर्यंत अर्धा डबा माना खाली घालून काही ना काही पाहत असतो आणि उरलेला अर्धा शेजारणीच्या पडद्यावर चोरून नजर टाकत असतो. मी दुसऱ्या गटातील आहे. तिच्या कानांत इयरफोन होते, त्यामुळे माझ्या वाट्याला आवाज नव्हता, नुसते चित्र होते. मोरपिशी साडी नेसलेली एक बाई देवघरासमोर पाठमोरी बसली होती आणि तिचे खांदे गदगदत होते. मला प्रथम वाटले, ती हसते आहे. इतक्या चपळाईने वरखाली होणारे खांदे रडणाऱ्या माणसाचे नसतात. रडताना खांद्यांनाही जड होते. मग कॅमेरा तिच्या चेहऱ्याकडे आला, गालावर पाणी दिसले आणि तेही अशा लगबगीने हनुवटीपर्यंत उतरले की डोळ्यांतून निघाले कधी हेच कळले नाही. तेवढ्यात मुलीने पडद्याला बोट लावले आणि कोपऱ्यातील १.५ हा आकडा उजळला. ती तो भाग दीडपट वेगाने पाहत होती. घणसोली मागे पडायच्या आत बाईचे रडणे उरकले, घरातील सात-आठ माणसांचे चेहरे भराभर दचकून झाले, आणि मुलीने पुढचा भाग लावला.

रडणे दीडपट केले की ते हसण्यासारखे दिसते, ही गोष्ट मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हती.

कार्यालयात पोहोचल्यावरही ते खांदे डोळ्यांसमोरून हलेनात. खरे तर त्या मुलीचा हिशेब बिनचूक होता. अर्ध्या तासाच्या मालिकेतून जाहिराती वजा केल्या की साधारण २२ मिनिटे उरतात; ती दीडपटीने पाहिली की १५ मिनिटांच्या आत संपतात, आणि ठाणे ते वाशी या अर्ध्या तासाच्या प्रवासात दोन भाग बसतात. मग घरी गेल्यावर स्वयंपाक, अभ्यास, झोप, जे काही असेल ते करायला ती मोकळी. माझा मुलगाही असाच पाहतो. त्याची सुरुवात टाळेबंदीच्या काळातील ऑनलाइन तासांपासून झाली. शिक्षकांना दुप्पट वेगाने ऐकण्याची एकदा सवय लागल्यावर अभिनेत्यांनी सावकाश बोलावे हे त्याला सहन होईना. “आई, नॉर्मल स्पीडला सगळे झोपेत बोलल्यासारखे वाटतात गं,” असे तो म्हणतो. मी त्यावर रागावते आणि मग रागावण्याचा आपल्याला काय अधिकार, असा विचार करत भांडी लावायला घेते.

कारण आम्हीही पळवले आहे. हा शब्दच आमचा आहे. ऐंशीच्या दशकात नौपाड्यातील आमच्या चाळीत व्हीसीआर भाड्याने आणला जाई आणि एका रात्रीसाठी तीन कॅसेटी. सकाळी दुकान उघडताच यंत्र परत करायचे असल्याने रात्रीचे सगळे वेळापत्रक त्या दुकानदाराच्या हाती असे. पहिला चित्रपट आदराने, शीर्षकापासून पाहिला जाई. दुसऱ्याच्या वेळी लहान मुले सतरंजीवर आडवी होत. तिसरा लागेपर्यंत पहाटेचे तीन वाजून गेलेले असत, आणि मग कोणीतरी पेंगुळलेल्या आवाजात म्हणे, “गाणी पळवा रे.” पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा थरथरत आणि त्यांच्यामधून नायक-नायिका आवाजाविना, झटके आल्यासारखी, झाडामागून झाडाकडे धावत. आम्ही पोट धरून हसत असू. माझी आजी मात्र दर वेळी सांगत असे की बाकीची पळवा, देवाचे गाणे पळवू नका. त्यामुळे आमच्याकडे आरती आणि भजन आपल्या चालीने पूर्ण होई आणि प्रेम तेवढे धावत जाई. आज मागे वळून पाहताना मला वाटते, काय पळवावे आणि काय पळवू नये याबद्दल त्या खोलीत निदान एक मत तरी होते.

त्याच्याही आधीचा इतिहास पाहिला तर मूकपट तयार करणाऱ्यांच्या हातीही वेग पुरता नव्हता. कॅमेरा हाताने फिरवायचा, सेकंदाला साधारण १६ ते १८ चौकटी टिपायच्या, आणि चित्रपटगृहातील यंत्रही पुष्कळदा हातानेच फिरायचे. एखादा खेळ जास्तीचा बसवायचा असेल तर यंत्र चालवणारा मूठ जरा जोरात फिरवी आणि प्रेक्षकांना कथा थोडी लवकर मिळे. ध्वनी आल्यावर हे थांबले, कारण आवाज चिरका होऊ लागला. सेकंदाला २४ चौकटी हा नियम त्यानंतरचा. दादासाहेब फाळक्यांच्या १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’चा जो भाग आज पाहायला मिळतो, त्याच्या आरंभी त्यांची लहान मुलगी मंदाकिनी, जी या चित्रपटात कृष्ण झाली आहे, तिचा चेहरा दिसतो आणि त्यावर एकामागून एक भाव उमटत जातात. शंभर वर्षांपूर्वी एका बापाने आपल्या मुलीच्या चेहऱ्यासमोर कॅमेरा ठेवून प्रेक्षकांना जणू सांगितले, आधी हा चेहरा नीट पाहा, गोष्ट नंतर. मी ते दृश्य मोबाइलवर पाहिले तेव्हा माझे बोट आपोआप पडद्याच्या कोपऱ्याकडे गेले होते. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण तसे झाले खरे.

नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये वेग वाढवण्याच्या सोयीची चाचणी सुरू केली तेव्हा हॉलीवूडमधील दिग्दर्शक आणि अभिनेते जाहीरपणे संतापले होते. ती बातमी वाचून मीही त्यांच्या बाजूने मनातल्या मनात मोर्चा काढला होता. पुढच्या वर्षी ती सोय अँड्रॉइड फोनवर आली, तेव्हा तिचे स्वागत करणाऱ्यांत कर्णबधिरांच्या आणि अंधांच्या अमेरिकेतील संघटना होत्या. ज्याला खालची अक्षरे वाचायला वेळ हवा त्याला चित्र सावकाश करता येते, आणि ज्याने आयुष्यभर कानांनीच वाचले आहे त्याला वेगवान आवाज सहज समजतो. हे कळल्यावर माझ्या मोर्च्यातील घोषणा जरा मऊ पडल्या. तरीही गाडीतील ती मुलगी कर्णबधिर नव्हती आणि अंधही नव्हती; तिला घाई होती, आणि घाईला कोणतीच संघटना नसते.

पण तिला घाई करायला शिकवले कोणी, हा प्रश्नही विचारला पाहिजे. दैनंदिन मालिकांनी प्रेक्षकाचा वेळ इतक्या वर्षांत ज्या तऱ्हेने खर्च केला आहे, तो पाहता हे बटण म्हणजे प्रेक्षकाने उगवलेला सूड आहे असेच कधीकधी वाटते. घरात कोणी एक बातमी सांगते. ती ऐकून सासू दचकते, ढोलावर थाप पडते; नणंद दचकते, पुन्हा थाप; मग धाकटी जाऊ, मग दीर, मग नुकतीच दारातून आत आलेली आत्या, जिला अजून बातमीच कळलेली नाही, तीही दचकते. मग पहिली सासू दुसऱ्या कोनातून पुन्हा. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ चालली आणि तिने ३००० भागांचा पल्ला ओलांडला. त्यातील कितीतरी भाग मी आईच्या शेजारी बसून पाहिले आहेत, आणि रोहिणी हट्टंगडींचे काम मनापासून आवडूनही मला असे वाटत आले आहे की त्या ३००० भागांत एक उत्तम ३०० भागांची मालिका दडलेली होती. वरणात पाणी घातले तर माणूस ते पितो. रोज घातले तर तो वाटी उचलून भराभर संपवतो आणि भातावर येतो.

मी राहते त्या घोडबंदर रस्त्याच्या परिसरात मालिकांचे चित्रीकरण बारा महिने चालते. अंगभर दागिने, नऊवारी, नथ आणि पायांत रबरी चप्पल अशा वेशातील मुलगी औषधाच्या दुकानात रांगेत उभी दिसली तर आमच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. आज चित्रित केलेले चारदोन दिवसांत दाखवायचे, असा तो कारखाना. त्यात लेखकाची रात्र आणि संकलकाची पहाट कशी जात असेल याची कल्पना मला आहे, म्हणून त्या ढोलावरच्या थापांवर हसताना मी थोडी ओशाळतेही. सहा दिवसांचे सहा भाग भरायचे असतील तर दचकणाऱ्या चेहऱ्यांसारखा स्वस्त माल दुसरा नाही.

अडचण एवढीच की ताणलेला वेळ आणि धरून ठेवलेला वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बटणाला त्यातील फरक कळत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१५ साली चित्रपटगृहांत लागला, तेव्हा मी तो ठाण्यात पाहिला. जेमतेम वीस-पंचवीस प्रेक्षक होते. चित्रपटाच्या शेवटाकडे न्यायालयाला सुटी लागते, माणसे बाहेर पडतात, शिपाई एकेक दिवा मालवतो, आणि मग पडद्यावर फक्त अंधार उरतो. तो अंधार बराच वेळ राहतो. माझ्या पुढच्या रांगेतील एक गृहस्थ उठले, त्यांनी पिशवी घेतली, बायकोला उठवले, आणि दोघे जिन्यापर्यंत गेले असताना पडदा पुन्हा उजळला. मग ती दोघे तिथेच, भिंतीला टेकून, उरलेला भाग पाहत उभी राहिली. त्या अंधारात मी काय विचार करत होते ते मला आजही आठवते: आत कोठडीत असलेल्या माणसासाठी ही सुटी केवढी लांब असेल. दिग्दर्शकाने मला एकही शब्द न सांगता तो विचार करण्याएवढा वेळ दिला होता. त्यानंतर न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात, बाकावर बसून डुलकी घेतात, मुले ओरडून त्यांना दचकवतात, आणि ते एका मुलाला फाडकन थोबाडीत मारतात.

दोन वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने हाच चित्रपट मुलाला दाखवला. मधूनच कुकर पाहायला आत गेले आणि परत आले तर दूरचित्रवाणीवर क्रिकेट लागले होते. “संपला की,” तो म्हणाला. दिवे मालवले गेले, अंधार झाला, त्याने दहा-दहा सेकंद दोनदा पुढे ढकलले, तरी अंधारच, म्हणून बंद केला. त्याच्या लेखी ‘कोर्ट’ हा अंधारात संपणारा चित्रपट आहे. त्याने ती थोबाडीत पाहिलेली नाही. मी त्याला सांगितलेही नाही. का ते मला नीट सांगता येणार नाही. कदाचित सांगून कळण्यासारखी ती गोष्ट नव्हती, किंवा कदाचित त्याचा शेवटही फार वाईट नव्हता.

‘सैराट’विषयी मात्र माझे मत अनेकांना पटत नाही. २०१६ च्या त्या उन्हाळ्यात तो आम्ही सगळ्या मैत्रिणी मिळून पाहायला गेलो होतो. ‘झिंगाट’ सुरू झाल्यावर पुढच्या रांगांतील मुले खुर्च्यांवर चढली, शिट्ट्यांनी कान बधिर झाले, आणि माझ्यासारखी चाळिशीतली बाईही बसल्या जागी खांदे उडवू लागली. जवळपास तीन तासांच्या त्या चित्रपटाचा पूर्वार्ध पंधरा मिनिटांनी आखूड असता तर बरे झाले असते, हे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. विहिरीत उड्या, मंद गतीतील धावणे, वाऱ्यावर उडणारे केस हे सगळे मला थोडे जास्त झाले. पण म्हणून ती कात्री मी दुसऱ्या कोणाच्या हाती देणार नाही. कारण शेवटी ते लहान मूल रडत दाराबाहेर पडते, त्याच्या पावलांचे ठसे मागे उमटत जातात, आणि चित्रपटाचा आवाज पूर्णपणे नाहीसा होतो, तेव्हा जे घडले ते त्या पंधरा मिनिटांसकट घडले. ज्या गर्दीने शिट्ट्या मारल्या होत्या तिच्यात कोणाच्या खुर्चीची कुरकुर ऐकू येत होती. वातानुकूलन यंत्राची घरघर ऐकू येत होती. नागराज मंजुळे यांनी तीन तास आमच्या कानांत जेवढे भरले होते, तेवढे त्या एका मिनिटात काढून घेतले. हे मिनिट दीडपट वेगाने पाहिले तर ४० सेकंदांचे होते. वीस सेकंद वाचतात.

विनोदाचे तर याहून अवघड आहे. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ साली आला तेव्हा मी शाळेत होते, आणि त्यातील निम्मे संवाद मला पहिल्या वेळी ऐकूच आले नव्हते. अशोक सराफ काही बोलत, चित्रपटगृह फुटत असे, आणि त्या हशाखाली लक्ष्मीकांत बेर्डे यांचे उत्तर बुडून जाई. त्या काळच्या विनोदी नटांना हशासाठी जागा सोडण्याची सवय रंगभूमीने लावली होती. वाक्य टाकायचे, थांबायचे, समोरच्याकडे एकदा पाहायचे, आणि लाट ओसरू लागली की पुढचे वाक्य. गडकरी रंगायतनला शेवटच्या रांगेत बसूनही तो थांबण्याचा कस जाणवायचा. आज माझा मुलगा एकटा, कानांत इयरफोन घालून तो चित्रपट पाहतो तेव्हा त्या जागा त्याला रिकाम्या वाटतात, आणि त्याचेही खरे आहे. त्या शेजारच्या दोनशे माणसांसाठी सोडलेल्या होत्या आणि ती माणसे आता तिथे नाहीत. त्याने त्या जागा पळवल्या तर मी कोणत्या तोंडाने अडवू?

विक्रम गोखले यांच्याबाबतीत मात्र मी एकदा मुद्दाम प्रयोग करून पाहिला. त्यांच्या थांबण्याची नक्कल आमच्या पिढीतील प्रत्येक स्नेहसंमेलनात कोणी ना कोणी केलेली असे. कपाळाला हात, दूरवर नजर, आणि वाक्य येईल की नाही अशी धास्ती. मीही हसत असे. मग २०१३ साली ‘अनुमती’ पाहिला. बायको रुग्णालयात मरणाच्या दारी, तिचे कृत्रिम उपचार थांबवण्याच्या कागदावर सही करायची की नाही या पेचात सापडलेला एक निवृत्त माणूस. या कामासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात ते ज्या ज्या वेळी थांबतात, त्या वेळी बोलण्यासारखे काही शिल्लकच नसते म्हणून थांबतात. गाडीतील प्रसंगानंतर एका रविवारी दुपारी मी तोच चित्रपट दीडपट वेगाने लावला. गोखले थांबले, आणि लगेच बोलले. इतकेच. वडिलांच्या शेवटच्या आठवड्यात आईने सहीच्या कागदावर पेन टेकवून किती वेळ काढला होता हे मी पाहिले आहे, त्यामुळे मला तो प्रयोग दहा मिनिटांपलीकडे करवला नाही.

आई आता नौपाड्यात एकटी राहते. आठवड्यातून दोनदा मी कामावरून परतताना घोडबंदरची बस न धरता गोखले रस्त्याने चालत तिच्याकडे जाते. तिचे घड्याळ मालिकांवर चालते. सातच्या मालिकेला दिवा, साडेसातला कुकर, आठच्या मालिकेनंतर रक्तदाबाची गोळी. एखाद्या रविवारी विशेष भाग लागला तर गोळी चुकते. ती मालिका पाहते असे म्हणणेही तितकेसे खरे नाही. पाठ दूरचित्रवाणीकडे असते, हात भाजीत असतात आणि कान तिकडे. घरात कोणीतरी बोलत असल्याचा आवाज हवा, एवढीच तिची मागणी आहे, आणि ती माणसे सावकाश बोलली, एकच गोष्ट तीनदा बोलली, तर तिला सोयीचेच पडते. ज्या पाण्याबद्दल मी वर इतकी तक्रार केली ते कोणासाठी घातलेले असते याचा विचार मी यापूर्वी फारसा केला नव्हता.

त्या सकाळच्या प्रसंगानंतर त्याच दिवशी संध्याकाळी मी तिच्याकडे गेले होते. आई जमिनीवर बसून मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर काड्या वेगळ्या करायला बसले. आठ वाजले, मालिका सुरू झाली, आणि नेहमीप्रमाणे आदल्या दिवशीचा शेवटचा प्रसंग पुन्हा दाखवू लागले. देवघर. मोरपिशी साडी. मी हातातील जुडी खाली ठेवली. बाई पाठमोरी बसली होती आणि तिचे खांदे हलत होते, आता त्यांच्या मूळ गतीने. एकदा वर गेलेला खांदा खाली येताना मध्येच अडखळत होता. ती नटी चांगली होती. सकाळी ते कळायला वाव नव्हता. मागे सारंगीसारखे काहीतरी गळा काढत होते, तेवढे नसते तर अधिक बरे झाले असते.

“उद्या दळण टाकायला हवं,” आई म्हणाली. “गहू तळाला गेलेत.”

मी हं म्हटले. कॅमेरा चेहऱ्याकडे आला. पाणी गालाच्या मध्यावर येऊन थांबले, मग पुढे सरकले. आई उठली, मेथीची ताटली घेऊन आत गेली, नळ सुरू झाला, बंद झाला, फोडणीचा वास आला. बाहेर सासू दचकली. नणंद दचकली. धाकटी जाऊ दचकली. आत्याबाईही आल्या.

“जाहिराती लागल्या का गं?” आतून आवाज आला.

“नाही, अजून रडतेय.”

“बरं.”

ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि दारात उभी राहून पडद्याऐवजी माझ्याकडेच पाहू लागली.

“तू कधीपासून बघायला लागलीस हे?”

“आज सकाळपासून,” मी म्हटले.